टेकडीवरचे बालमंदिर

भावनगरचे दक्षिणामूर्ती बालमंदिर ही अडीच ते सहा वर्षांच्या मुलांची शाळा आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये ती सुरू केली. सरकारी शिक्षणखात्याचा अभ्यासक्रम, तपासणी आणि परीक्षा यांपासून त्या काळी मोकळ्या असलेल्या एका स्वतंत्र विद्यासंस्थेचा हा सर्वांत धाकटा विभाग. लहान मूल धाकाशिवाय, बक्षिसाशिवाय आणि पाठांतराशिवाय शिकू शकते, हे भारतीय परिस्थितीत आणि भारतीय भाषेत रोजच्या कामातून दाखवून देणाऱ्या पहिल्या शाळांमध्ये तिची गणना होते. महाराष्ट्रातील बालवाडीची वाटही या शाळेतूनच पुढे आली.

बालमंदिर ज्या संस्थेत जन्मले ती दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन ही संस्था १९१० मध्ये नृसिंहप्रसाद ऊर्फ नानाभाई भट्ट यांनी स्थापन केली. नानाभाई भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात प्राध्यापक होते. आरंभी ते केवळ विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते, पुढे त्याला विनयमंदिर ही माध्यमिक शाळा जोडली गेली. विद्यार्थ्यांना कसे वागवावे आणि काय शिकवावे, याचा निर्णय शिक्षकांनी एकत्र बसून घ्यायचा, ही तिथली रीत होती. नानाभाई, हरभाई त्रिवेदी आणि गिजुभाई या तिघांनी संस्थेला आकार दिला.

गिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई, यांचा जन्म १८८५ चा, सौराष्ट्रातील चितळ गावचा. तरुणपणी ते काही काळ पूर्व आफ्रिकेत होते. नंतर मुंबईत कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वढवाणला वकिली केली. १९१३ मध्ये मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे या विचाराने ते बालशिक्षणाकडे वळले. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंत्सो या गरीब वस्तीत काढलेल्या बालगृहाची आणि त्यांच्या पद्धतीची माहिती त्यांना पुस्तकांतून मिळाली. १९१६ मध्ये वकिली सोडून ते दक्षिणामूर्तीत आले. मोठ्या मुलांना शिकवताना त्यांच्या लक्षात आले, की भीती आणि परावलंबन या सवयी मूल शाळेत येण्याआधीच जडलेल्या असतात. त्या घालवण्यापेक्षा जडूच न देणे शहाणपणाचे, म्हणून चार वर्षांनी त्यांनी बालमंदिर उघडले. १९२२ मध्ये तख्तेश्वर मंदिराजवळच्या टेकडीवर बालमंदिराची स्वतंत्र वास्तू उभी राहिली. तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले.

बालमंदिरातील कामाचा पाया म्हणजे माँटेसोरी पद्धतीची साधने. एका लांब ठोकळ्यात दहा खाचा आणि प्रत्येकीत नेमका बसणारा दट्ट्या. मुलाने दट्टे काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचे. एखादा चुकला की शेवटचा दट्ट्या बसत नाही आणि आपण कुठे चुकलो हे मुलाला स्वतःच उमगते. शिक्षकाने ‘चूक’ म्हणण्याची गरज उरत नाही. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या घनांचा मनोरा, दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंतच्या अंकदांड्या, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत आणि गुळगुळीत फळ्या ही साधने डोळ्यांना आणि बोटांना फरक ओळखायला शिकवतात. लाकडावर चिकटवलेल्या खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता अक्षराचे वळण हातात बसते, म्हणून या पद्धतीत लिहिणे बहुधा वाचण्याच्या आधी येते. साधन घ्यायचे, मन भरेपर्यंत वापरायचे आणि जागेवर ठेवायचे, एवढाच नियम. कोणते साधन घ्यायचे आणि किती वेळ, हे मूल ठरवते.

साधनांइतकेच महत्त्व रोजच्या कामांना होते. झाडणे, पुसणे, पाणी भरणे, बटणे लावणे, केस विंचरणे, झाडांना पाणी घालणे ही कामे मुले स्वतः करत. शांततेचा खेळ हा या पद्धतीतला खास प्रकार. सगळी मुले डोळे मिटून निश्चल बसतात, शिक्षक दुरून हळू आवाजात एकेकाचे नाव घेतात आणि नाव ऐकू आलेले मूल पाय न वाजवता त्यांच्याकडे जाते. ओरडून गप्प बसवलेल्या वर्गात असलेली शांतता आणि मुलांनी आपण होऊन राखलेली शांतता यांतला भेद या खेळात स्पष्ट दिसतो.

गिजुभाईंनी माँटेसोरींचे सगळेच जसेच्या तसे घेतले नाही. लहान मुलांना कल्पित, अद्भुत गोष्टी सांगू नयेत, त्यांना प्रत्यक्ष जगाचीच ओळख करून द्यावी, असे माँटेसोरींचे मत होते. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालमंदिराच्या केंद्रस्थानी आणले. काठेवाडातल्या लोककथा त्यांनी गोळा केल्या, मुलांच्या तोंडी बसतील अशा तालात पुन्हा लिहिल्या आणि कथाकथनाचे शास्त्र सांगणारा स्वतंत्र ग्रंथही लिहिला. लोकगीते, नाटक, रास, मातीकाम, चित्रकला, बागकाम आणि फेरफटका यांनाही दिवसात जागा मिळाली. मुले गोष्ट पाठ करत नसत, ती करून दाखवत. शिक्षणाची भाषा अर्थातच घरची गुजराती होती. परदेशी पद्धत इथल्या मातीत रुजली ती या बदलांमुळे. मुलांवरच्या मायेमुळे गिजुभाईंना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, हे नाव मिळाले.

या शाळेतल्या शिक्षकाचे काम वेगळे होते. फळ्यापुढे उभे राहून सर्वांना एकच पाठ देणे इथे नव्हते. मुलांचे निरीक्षण करणे, त्याची नोंद ठेवणे, मूल तयार झाले की नवे साधन दाखवणे आणि मग बाजूला होणे, हे त्याने शिकायचे होते. असा शिक्षक तयार मिळत नाही, म्हणून १९२५ मध्ये अध्यापन मंदिर सुरू झाले. बालमंदिरातच काम करत शिकण्याची सोय तिथे होती. पालकांसाठीही गिजुभाईंनी भरपूर लिहिले, कारण शाळेत मोकळे झालेले मूल घरी मार खात असेल तर शाळेचे काम अपुरे राहते, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या दोनशेच्या घरात जाते. त्यांतले ‘दिवास्वप्न’ मराठीसह अनेक भाषांत पोहोचले.

बालमंदिराचा महाराष्ट्राशी धागा जोडला तो ताराबाई मोडक यांनी. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. राजकोटच्या बार्टन फिमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाईंबरोबर कामाला आल्या. प्रतिष्ठेचे पद सोडून बालमंदिरात मुलांबरोबर जमिनीवर बसणे, हा त्या काळी मोठा निर्णय होता. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, त्याच्या कामात ताराबाईंचा पुढाकार होता. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघे. ताराबाईंनी ती मराठीत आणली आणि महाराष्ट्रातील पालक-शिक्षकांना बालशिक्षणाची परिभाषा मिळाली.

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. भावनगरचा प्रयोग त्यातून मराठी मध्यमवर्गाच्या दारात आला. त्याच वर्षी गिजुभाई दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले आणि जून १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. माँटेसोरी भारतात आल्या त्या १९३९ च्या अखेरीस, मद्रासच्या अड्यारला. त्यामुळे ज्यांच्या विचाराने गिजुभाईंचे आयुष्य बदलले त्यांची इथे भेट होऊ शकली नाही.

शहरातील बालमंदिराला एक मर्यादा होती. साधने महाग, खोली नीटनेटकी हवी, शिक्षक प्रशिक्षित हवा, आणि फी देणारे घर हवे. ज्या मुलांना बालशिक्षणाची सर्वांत जास्त गरज होती ती या दारापर्यंत येत नव्हती. ताराबाईंनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. १९१० मध्ये मोरगावला जन्मलेल्या अनुताई बालविधवा होत्या आणि स्वतःच्या जिद्दीने शिकल्या होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा वस्तीत जाईल, असे ठरवून दोघींनी वस्तीच्या अंगणातच बालवाडी भरवली. मुलांना आंघोळ घालण्यापासून दिवस सुरू होई. दट्ट्यांच्या पेटीऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले आणि काटक्या आल्या. मोजणे, जुळवणे, लहानमोठे ओळखणे, रंग वेगळे करणे ही तत्त्वे तीच राहिली, साधन मात्र बिनपैशाचे झाले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवणारी विकासवाडी उभी राहिली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी त्यामुळे शाळेत येऊ शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्यामार्फत अंगणवाडी हळूहळू देशभर पोहोचली. पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण तिथे एकत्र आले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण हे राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आले. मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा या वयालाच मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा पायाभूत स्तर ठरवून खेळ आणि कृती यांना शिक्षणाचा आधार मानले. गिजुभाईंनी शंभर वर्षांपूर्वी जे करून दाखवले ते आता अधिकृत धोरण आहे.

तरीही शहरांतल्या असंख्य खाजगी नर्सऱ्यांत तीन वर्षांचे मूल बाकावर बसून एबीसीडी गिरवते, गृहपाठ नेते आणि परक्या भाषेत कविता घोकते. या शाळांनाही अभ्यासक्रम निवडण्याची मोकळीक आहे. भावनगरने तीच मोकळीक मुलाच्या बाजूने वापरली, आणि तिथे शिकलेल्या शिक्षकांनी ती पद्धत फी न देऊ शकणाऱ्या वस्त्यांपर्यंत नेली. स्वतंत्र शाळेच्या बालविभागाकडून समाजाने या दोन गोष्टींची अपेक्षा ठेवणे रास्त आहे: मुलाला समजून घेणारी पद्धत घडवणे, आणि ती आपल्या भिंतीबाहेरच्या मुलांसाठी खुली करणे.