पाणी कोणाला किती?

पाण्याविषयी तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुष्कळ माहिती असते. पाण्याची वाफ कशी होते, ढग कसे बनतात, पाणी जमिनीत कसे मुरते, हे सर्व तुम्ही शिकता. पण समजा, एका गावात एकच बंधारा आहे, पाऊस निम्माच पडला आहे आणि बंधाऱ्याखाली शंभर शेते आहेत. आता पाणी आधी कोणाला द्यायचे? पाटाच्या तोंडाशी असलेल्याला, की शेवटच्या टोकाला असलेल्याला? उसाला की ज्वारीला? ज्याला जमीनच नाही, त्याचा या पाण्यावर काही हक्क आहे की नाही? पर्जन्यमापक पाणी किती पडले तेवढे सांगतो. ते कोणाला किती मिळावे, हे माणसे ठरवतात.

हा निर्णय कोण घेतो, कोणत्या नियमाने घेतो आणि त्याचा परिणाम नदीवर, जंगलावर व माणसांवर काय होतो, याचा पद्धतशीर अभ्यास विद्यापीठांतून होतो. त्या विषयाला ‘पर्यावरणाचे राजकारण’ म्हणतात. राजकारण म्हटले की आपल्यापुढे निवडणुका आणि सभा उभ्या राहतात. येथे त्या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. अनेकांच्या सामाईक वापराच्या वस्तूविषयी निर्णय घेण्याची रीत, असा तो अर्थ. या अभ्यासातही निरीक्षण, मोजमाप आणि प्रयोग असतात. एखादा गाजलेला सिद्धान्त त्या कसोटीवर अपुराही ठरतो. अशाच एका सिद्धान्ताची ही हकीकत आहे.

कुरणाचा सिद्धान्त

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात त्याने एक कुरण कल्पिले. कुरण सर्वांना मोकळे आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो, ‘मी आणखी एक गाय आणली तर तिचा सारा फायदा माझा. कुरणाचे जे नुकसान होईल, ते मात्र सर्वांत वाटले जाईल.’ असा विचार प्रत्येकजण करतो, गाई वाढत जातात आणि शेवटी कुरण उजाड होते. हार्डिनच्या मते यावर मार्ग दोनच. कुरणाचे तुकडे करून खाजगी मालकी द्यावी, नाहीतर सरकारने ते ताब्यात घेऊन वर धाक ठेवावा.

तर्क बिनतोड वाटतो. जगभरच्या अनेक सरकारांची जंगल व पाणी यांविषयीची धोरणे याच धाटणीची होती. परंतु हे कुरण कागदावरचे होते. खरीखुरी कुरणे अशीच उजाड होतात काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहणे आवश्यक होते.

पाहणी करणाऱ्या बाई

हे काम ज्यांनी आयुष्यभर केले त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम. त्यांचा जन्म १९३३ साली लॉस एंजेलिस येथे झाला. शाळेत मुलगी म्हणून त्यांना त्रिकोणमिती घेऊ दिली गेली नाही. पुढे अर्थशास्त्रात डॉक्टरेट करू पाहिली, तर गणित कमी पडते म्हणून प्रवेश नाकारला गेला. तेव्हा त्या राज्यशास्त्राकडे वळल्या.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता लॉस एंजेलिसजवळील किनारपट्टीचे भूजल. तेथे शेकडो विहिरींतून इतका उपसा झाला होता की गोडे पाणी खाली गेले आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरू लागले. हार्डिनचे कुरणच हे, फक्त जमिनीखालचे! पण तेथील पाणी वापरणाऱ्यांनी आपली संघटना केली, माहिती गोळा केली, न्यायालयामार्फत समझोता केला आणि उपसा कमी करण्याचे मान्य केले. किनाऱ्यालगत विहिरी खोदून त्यांतून गोडे पाणी जमिनीत सोडण्यात आले आणि खाऱ्या पाण्याला बांध घातला गेला. १९६५ साली ऑस्ट्रॉमबाईंना या अभ्यासाबद्दल डॉक्टरेट मिळाली.

पुढे इंडियाना विद्यापीठात त्यांनी व त्यांचे पती व्हिन्सेंट यांनी १९७३ साली एक अभ्यासकेंद्र काढले. जगभरच्या कुरणांची, मासेमारीची, जंगलांची आणि पाटांची माहिती तेथे जमू लागली.

नियम कसे असतात?

या माहितीतून काय दिसले? स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल या डोंगरी गावी १५१७ सालापासून असा नियम आहे की, हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडाव्यात. नियम साधा आहे. गाई मोजणे सोपे आणि चोरी लपवणे कठीण.

तुर्कस्तानातील अलान्या येथील कोळ्यांची युक्ती तर गमतीची आहे. मासेमारीच्या जागांची ते यादी करतात व सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकतात. ज्याला जी जागा आली तेथून तो सुरुवात करतो आणि रोज एक जागा पूर्वेकडे सरकतो. जानेवारीनंतर हाच क्रम पश्चिमेकडे चालतो. त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते. आज आपल्या वाट्याची जागा दुसऱ्याने बळकावू नये, म्हणून प्रत्येकजण स्वतःच पहारेकरी होतो.

आपल्याकडेही याचे उत्तम उदाहरण आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग. हे भाग म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असते. म्हणून पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर तोटा एकट्याच्या माथी बसत नाही. पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडून घ्यायचे नसते. गावाने नेमलेला पाटकरी ते देतो. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी व पंप वाढले आणि बरेच फड मोडले. पण इतकी वर्षे ते टिकले, हे हार्डिनच्या तर्कात बसत नाही.

असे का? ऑस्ट्रॉमबाईंचे उत्तर असे की, हार्डिनचे कुरण कोणालाही मोकळे होते, त्याला नियमच नव्हते. खऱ्या गावात माणसे एकमेकांशी बोलतात, नियम करतात, देखरेख ठेवतात आणि मोडणाऱ्याला आधी सौम्य व मग कडक दंड करतात. सगळीकडे हे साधते असे मात्र नाही. त्यांच्या १९९० सालच्या ग्रंथात फसलेल्या प्रयत्नांचीही नोंद आहे. नियम कोठे टिकतात आणि कोठे मोडतात, हे ताडून पाहणे हाच त्यांचा अभ्यास होता. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

सिमेंटचा बंधारा आणि दुबळे टोक

या अभ्यासातील एक निष्कर्ष अभियंत्यांनाही विचार करायला लावणारा आहे. नेपाळमध्ये दोनशेहून अधिक पाटांची तुलना केली गेली. काही पाट शेतकऱ्यांनी दगडमातीने बांधलेले, तर काही सरकारी खात्याने पक्के बांधलेले. पक्के बांधकाम सरस ठरेल, असे कोणालाही वाटेल. पण पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचवण्यात शेतकऱ्यांचे पाट बहुधा पुढे होते.

कारण पाहा. कच्चा बंधारा पुरात वाहून जातो. तो पुन्हा घालायला टोकाकडच्या शेतकऱ्यांचेही हात लागतात. म्हणून वरचे शेतकरी त्यांना पाणी देतात. बंधारा पक्का झाला की खालच्यांच्या श्रमाची गरज उरत नाही, आणि गरज संपली की त्यांचे पाणीही आटते. नदी तीच, पाऊसही तोच. बदलले ते माणसांचे परस्परसंबंध.

पाणी जमिनीला की माणसाला?

येथवर वाचून तुम्हाला वाटेल की गावाने नियम केले म्हणजे सर्व ठीक झाले. परंतु नियम करताना बैठकीत कोण होते आणि कोण नव्हते, हेही विचारावे लागते. फडाचे पाणी जमीनधारकाला मिळते. भूमिहीन मजुराला त्यात वाटा नसतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे या अभियंत्याने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांच्या पाणी पंचायतीने वाटणीचा पायाच बदलला. पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या संख्येवर द्यायचे. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि पाणी फार पिणारा ऊस लावायचा नाही. वाटणीचे नियम बदलून, ज्यांना काहीच मिळत नव्हते त्यांना वाटा मिळू शकतो, हे त्यातून दिसले.

हा प्रयोग करून पाहा

इंडियाना विद्यापीठात ऑस्ट्रॉमबाई व त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांना घेऊन या विषयाचे प्रयोग करीत. तशाच धर्तीचा एक सोपा प्रयोग तुम्ही वर्गात करू शकाल. चौघांनी बसावे व मध्ये एका वाटीत २० चिंचोके ठेवावेत. हे तुमचे कुरण. दर फेरीस प्रत्येकाने शून्य ते चार यांपैकी एक आकडा गुपचूप कागदावर लिहावा व तितके चिंचोके घ्यावेत. मागितले तितके वाटीत नसतील, तर उरलेले सर्व वाटून घ्यावेत. मग खेळ संपला. वाटीत उरतील ते दुप्पट करावेत, मात्र २० च्या वर जाऊ देऊ नयेत. अशा दहा फेऱ्या खेळा. पहिल्या डावात एकमेकांशी अजिबात बोलू नका. दुसऱ्या डावाआधी पाच मिनिटे चर्चा करा.

हिशेब असा आहे. चौघांनी दरवेळी चार-चार घेतले तर दुसऱ्याच फेरीत वाटी रिकामी होते आणि सर्वांच्या मिळून हाती २४ चिंचोके येतात. दोन-दोन घेतले तर दहा फेऱ्यांत ८० मिळतात आणि वाटी भरलेलीच राहते. दोन्ही डावांची बेरीज वहीत मांडा. विद्यापीठातील प्रयोगांत असे आढळले होते की, समोरासमोर बोलायची संधी मिळाली की माणसे वाटी पुष्कळ चांगली राखतात.

मग आपल्या गावातील किंवा पेठेतील पाण्याकडे वळा. ते कोठून येते, किती वेळ येते, वेळ कोण ठरवतो आणि शेवटच्या घरापर्यंत ते किती पोचते, याची आठवडाभर नोंद ठेवा. बादली आणि घड्याळ एवढी साधने पुरेत. विद्यापीठातील अभ्यासकही सुरुवात अशाच वहीने करतात.