पाळीव कोंबडीतील आजारांचे निदान व उपचार

अंडी किंवा मांस यांच्या उत्पन्नासाठी नव्हे, तर घरातील सोबती म्हणून सांभाळलेल्या कोंबडीचा आजार ओळखणे व त्यावर इलाज करणे हा पक्षिवैद्यकाचा तुलनेने नवा भाग आहे. व्यावसायिक कुक्कुटपालनात विचाराचे एकक एक पक्षी नसून संपूर्ण कळप असते. हजारो पक्ष्यांतील काही आजारी पडले, तर त्यांतील एकदोन मारून त्यांचे शवविच्छेदन करणे आणि उरलेल्यांना पिण्याच्या पाण्यातून औषध देणे हाच तेथे शास्त्रशुद्ध व परवडणारा मार्ग ठरतो. अंगणातील एकुलत्या एका कोंबडीच्या बाबतीत हा मार्ग निरुपयोगी असतो, कारण जिला वाचवायचे तिचेच शवविच्छेदन करून भागत नाही. त्यामुळे येथे निरीक्षण, हाताने केलेली तपासणी आणि नेहमीच्या सवयींची माहिती यांना अधिक महत्त्व येते.

आजार लपविण्याची प्रवृत्ती

पाळीव कोंबडी ही रानकोंबडीची वंशज असून ती निसर्गात भक्ष्य ठरणारा पक्षी आहे. अशक्तपणा दिसला की शिकारी प्राण्याचे लक्ष वेधले जाते. शिवाय कळपातील इतर कोंबड्याही दुबळ्या सोबतिणीला टोचू लागतात. त्यामुळे आजारी कोंबडी शक्य तितका काळ निरोगी असल्यासारखी वागते. माती उकरण्याची आणि दाणे टिपण्याची क्रिया ती करीत राहते, पण प्रत्यक्षात काही गिळत नाही. पिसे फुलवून, शेपटी खाली टाकून, डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी राहिलेली आढळते, तेव्हा आजार बहुधा काही दिवसांचा झालेला असतो. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून ते नोंदवून ठेवल्यास बिघाड त्याआधीच लक्षात येतो.

याउलट, दोन नैसर्गिक अवस्था आजारासारख्या भासतात. खुडूक झालेली कोंबडी खुराड्यातून हलत नाही, कमी खाते, अंगावर पिसे फुलवते आणि दिवसातून एकदोनदाच, परंतु मोठी व दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते. जवळ गेल्यास ती गुरगुरते व टोचते, हाच तिच्यातील आणि रोगी कोंबडीतील ठळक फरक होय. दुसरी अवस्था वार्षिक पिसे गळण्याची. या काळात तुरा फिका पडतो व अंडी बंद होतात.

तपासणी

कोंबडीला सस्तन प्राण्यांप्रमाणे श्वासपटल नसते. छातीच्या हाडाच्या हालचालीवरच तिचा श्वास चालतो. म्हणून तपासणीसाठी धरताना पंख अंगासरशी आवरावेत, पण छातीवर दाब देऊ नये. घट्ट आवळून धरलेली कोंबडी गुदमरून मरू शकते. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सियस असल्यामुळे ती हाताला गरम लागणे हे तापाचे लक्षण नव्हे.

गळ्याखालील अन्नपुट, म्हणजे खाद्य साठविण्याची पिशवी, पहाटे दाणे घालण्यापूर्वी चाचपावी. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर लांब गवत किंवा दोरा यांनी ती तुंबलेली असते; पाण्याच्या फुग्यासारखी लागून तोंडाला आंबूस वास आला तर बुरशीचा संसर्ग संभवतो. अशा कोंबडीला उलटी धरून पिशवी रिकामी करण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो धोक्याचा आहे, कारण ते द्रव श्वासनलिकेत शिरते.

निरोगी विष्ठा तपकिरी असून तिच्यावर यूरिक अम्लाचा पांढरा थर असतो. दिवसातून काही वेळा पडणारी चिकट, उग्र वासाची विष्ठा अंधनालातून येते व तीही निरोगीच होय. गडद हिरवी विष्ठा बहुधा उपासमार दर्शविते. रक्तमिश्रित विष्ठा, विशेषतः तरुण पक्ष्यांत, रक्ती हगवणीची शक्यता सुचविते. तळपायावर काळ्या खपलीसह सूज असल्यास ती जंतुसंसर्गाची गाठ असते. पक्ष्यांचा पू द्रवरूप नसून पनीरासारखा घट्ट असतो, त्यामुळे गाठ पिळून काहीच निघत नाही आणि ती पशुवैद्यकाकडून कापून काढावी लागते. उवा व गोचिडसदृश कीटक शेपटीखालील पिसांत शोधावेत. लाल माइट मात्र दिवसा अंगावर सापडत नाही. तो खुराड्याच्या फटींत लपतो व रात्री रक्त शोषतो, म्हणून फिक्या तुऱ्याचे कारण शोधताना रात्री विजेरी घेऊन खुराडे पाहणे आवश्यक ठरते.

अंडे अडकणे

पाळीव कोंबडीच्या जीवावर बेतणाऱ्या कारणांत प्रजननसंस्थेचे विकार अग्रभागी असतात. रानकोंबडी वर्षाला डझन-दीड डझन अंडी घालते, तर निवडीने घडविलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या जाती २५० हून अधिक. प्रत्येक अंड्यास २४ ते २६ तास लागतात व त्यांपैकी सुमारे २० तास कवच घडण्यात जातात. कवचासाठी लागणारे कॅल्शियम आहारातून मिळाले नाही तर ते हाडांतून काढले जाते, आणि रक्तातील कॅल्शियम घटले की अंडनलिकेचे स्नायूच आकुंचन पावेनासे होतात. मग अंडे मार्गात अडकते. कोंबडी शरीर उभे ताठ करून पेंग्विनसारखी चालते व वारंवार कुंथते.

अशा वेळी तिला उबदार, अंधाऱ्या जागी ठेवणे, शरीराचा मागचा भाग काही वेळ कोमट पाण्यात बुडविणे, अवस्कराला वंगण लावणे आणि कॅल्शियम देणे हे प्राथमिक उपाय होत. अंडे आत फोडू नये. कवचाच्या तुकड्यांनी नलिका फाटते. काही तासांत सुटका न झाल्यास पशुवैद्यकाने कॅल्शियमचे इंजेक्शन देणे गरजेचे असते. वय वाढलेल्या कोंबड्यांत अंडाशयाचा कर्करोगही आपोआप उद्भवतो. याच कारणाने स्त्रियांतील त्या रोगाच्या संशोधनात कोंबडीचा उपयोग केला जातो.

मानमोडी

महाराष्ट्रात मानमोडी या नावाने परिचित असलेला रोग म्हणजे राणीखेत किंवा न्यूकॅसल रोग. १९२६ मध्ये जावा व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे त्याची नोंद झाली. (१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही मराठीत मानमोडी म्हणत, दोहोंचा संबंध नाही.) धाप, हिरवट हगवण, पाय लुळे पडणे व मान पिळवटणे ही त्याची लक्षणे. या विषाणूवर औषध नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यांत किंवा नाकात लासोटा वा एफ लशीचा थेंब टाकणे हाच उपाय. मात्र मान वळलेली प्रत्येक कोंबडी याच रोगाने ग्रस्त असते असे नाही. थायमिनच्या अभावानेही मान मागे वळते आणि तेव्हा ते जीवनसत्त्व देताच सुधारणा दिसू लागते. मरेक्स रोगात पक्षाघात होतो. एक पाय पुढे व एक मागे ताणलेला असतो.

औषधे व अंडी

निदान होण्यापूर्वी घरातील उरलेले प्रतिजैविक देण्याची पद्धत हानिकारक आहे. कायद्याच्या दृष्टीने पाळीव कोंबडीही खाद्यप्राणीच ठरते; भारतात २०१९ मध्ये खाद्यप्राणी व कुक्कुटांसाठी कोलिस्टिनवर बंदी घालण्यात आली. औषधोपचार चालू असताना व त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खाऊ नयेत. अंडी घरातलीच मुले खात असतात, हे येथे विसरले जाते.

बर्ड फ्लू

भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. उद्रेक जाहीर झाल्यावर केंद्राच्या कृती आराखड्यानुसार साधारणतः १ किलोमीटर परिघातील सर्व कुक्कुट नष्ट केले जातात व त्यात लाडक्या, निरोगी दिसणाऱ्या कोंबड्यांना सूट नसते. शासन नुकसानभरपाई देते, ती ठरवून दिलेल्या दराने. या भीतीने आजार दडविला जातो, मात्र त्यामुळे विषाणू शेजारच्या खुराड्यांत पोहोचतो. एकाएकी अनेक पक्षी दगावल्यास मृत पक्ष्याला उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. एकाच कोंबडीचा मृत्यू झाला असून अशी शंका नसल्यास शव शीतकपाटात ठेवून शवविच्छेदनासाठी न्यावे. ते गोठवू नये, कारण बर्फाच्या स्फटिकांनी ऊती फाटतात व तपासणी कठीण होते.