‘इकडं राहायला येऊ नका, भाजून निघाल!’ ॲरिझोनाचे लोक नव्या माणसांना असं का सांगतात?

एक हाडांचा सापळा उन्हात बसलाय आणि खाली लिहिलंय, ‘पण इथली गरमी कोरडी आहे हो!’

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हा विनोद टी-शर्टवर, कपांवर आणि पोस्टकार्डांवर छापून वर्षानुवर्षं विकला जातोय. बाहेरच्या राज्यातला कुणी ‘आम्ही फिनिक्सला शिफ्ट व्हायचा विचार करतोय’ असं म्हणाला की इथले लोक सुरू होतात. इथं गाडीचं स्टिअरिंग धरायला ओव्हनचे हातमोजे लागतात. बुटात विंचू निघतात. अंगणात रॅटलस्नेक येतो. शेवटी सल्ला ठरलेला, ‘तुम्ही आपले आहात तिथंच बरे आहात.’

गंमत म्हणजे हे सांगणारा माणूस स्वतः तिथून हलायला तयार नसतो. मग तो दुसऱ्यांना का घाबरवतो? विनोदामागं काहीतरी दुखणं आहे का?

आधी बघू, यात खरं किती?

तर जवळपास सगळंच खरं आहे.

फिनिक्स ही ॲरिझोनाची राजधानी. २६ जून १९९० ला इथं पारा ५० अंश सेल्सिअसवर गेला होता. २०२३ मध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३.३ अंशांच्या खाली आलंच नाही. त्याच जुलैत एका रात्री किमान तापमान ३६ अंश होतं. म्हणजे रात्रीचा सगळ्यात थंड क्षणसुद्धा ३६ अंशांचा.

जून २०१७ मध्ये पारा ४८ अंशांच्या पुढं जाणार असा अंदाज आल्यावर फिनिक्समधली छोट्या विमानांची चाळीसहून जास्त उड्डाणं रद्द करावी लागली. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि ती विमानं ४७.८ अंशांपर्यंतच उडवायची परवानगी होती.

ओटमन नावाच्या गावात ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, चक्क उन्हावर अंडी तळायची स्पर्धा भरते.

उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करायची पद्धत जवळपास अख्ख्या अमेरिकेत आहे. ॲरिझोनानं १९६७ चा एक उन्हाळा ते करून बघितलं आणि पुढच्याच वर्षी सोडून दिलं. सूर्य एकदाचा मावळावा अशी वाट बघणाऱ्यांना संध्याकाळचं जास्तीचं ऊन कशाला हवं? राज्यातला नवाहो या आदिवासी समाजाचा प्रदेश तेवढा अपवाद आहे, तिथं घड्याळ बदलतं.

विंचवांचंही खरं आहे. इथला बार्क विंचू अतिनील प्रकाशात चमकतो, म्हणून लोक रात्री अतिनील टॉर्च घेऊन घराभोवती फेरी मारतात.

मग ही ‘कोरडी गरमी’ काय भानगड आहे?

हे विदर्भातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. नागपूर-अकोल्यात ऊन जास्त असतं, पण मुंबईचा चिकचिकाट नसतो. हवेत बाष्प कमी असलं की घाम पटकन उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. फिनिक्समध्ये जूनच्या दुपारी हवेतली आर्द्रता बऱ्याचदा १० टक्क्यांच्या आसपास येते. त्यामुळं ४० अंशांतही सावलीत जरा बरं वाटतं.

याच तत्त्वावर आपल्याकडचा कूलर चालतो. ॲरिझोनातही एसी घरोघरी येण्याआधी असेच पाण्याचे कूलर होते आणि अजूनही काही घरांत आहेत. तिथं जुलै-ऑगस्टच्या पावसाळी दिवसांना ‘मान्सून’च म्हणतात. हवा दमट झाली की त्यांचे कूलरही आपल्या कूलरसारखेच निकामी होतात.

पण कोरड्या गरमीत एक धोका आहे. घाम दिसत नाही, त्यामुळं अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. शिवाय हवाच शरीरापेक्षा कितीतरी गरम असेल, तर वारा अंगाला गार करत नाही, उलट भाजतो. टी-शर्टवरच्या सापळ्याचा विनोद नेमका यावर आहे.

एवढं असूनही लोक येतात कशाला?

कारण याच राज्यानं शंभरेक वर्षं लोकांना आवतण दिलंय.

ॲरिझोनातल्या शाळकरी मुलांना राज्याच्या अर्थव्यवस्थेचे पाच आधार शिकवतात. इंग्रजीत पाचही ‘सी’वरून सुरू होतात. कॉपर म्हणजे तांबं, कॅटल म्हणजे गुरं, कॉटन म्हणजे कापूस, सिट्रस म्हणजे संत्र्या-लिंबाची फळं आणि पाचवा क्लायमेट. म्हणजे हवामान! ज्या हवेच्या नावानं आज घाबरवतात, तीच हवा ॲरिझोनानं विकली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्षयरोगाचे पेशंट कोरड्या हवेसाठी इथं यायचे. दुसऱ्या महायुद्धात स्वच्छ आकाशामुळं इथं वैमानिकांची ट्रेनिंग केंद्रं निघाली. पुढं कारखाने आले आणि एसी स्वस्त झाला. १ जानेवारी १९६० ला डेल वेब या बिल्डरनं फिनिक्सजवळ ‘सन सिटी’ नावाची निवृत्त लोकांची वसाहत खुली केली, तेव्हा ती बघायला पहिल्याच वीकेंडला सुमारे एक लाख लोक आले.

१९५० मध्ये फिनिक्सची लोकसंख्या होती १ लाख ७ हजार. २०२० च्या जनगणनेत ती १६ लाखांच्या वर गेली आणि फिनिक्स अमेरिकेतलं पाचव्या क्रमांकाचं शहर झालं.

आजही कारणं तशी साधी आहेत. नोव्हेंबर ते मार्च इथं हवा मस्त असते. घर कॅलिफोर्नियापेक्षा स्वस्त पडतं. नोकऱ्या आहेत, कारण इंटेल जुनी आहे आणि आता तैवानच्या टीएसएमसीनं फिनिक्सच्या उत्तरेला चिपचा मोठा कारखाना काढलाय. शिवाय उत्तरेकडच्या बर्फातून आलेल्यांना सुनवायला इथलं एक वाक्य तयार असतं, ऊन फावड्यानं उपसावं लागत नाही.

मग आता नको का?

पहिलं कारण घरं. कोविडच्या काळात बाहेरून येणाऱ्यांचा, त्यातही कॅलिफोर्नियातून येणाऱ्यांचा ओघ वाढला. किमती वाढण्यात फिनिक्स बरेच महिने अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत अव्वल होतं. कॅलिफोर्नियातलं घर विकून आलेल्याला जे स्वस्त वाटतं, ते इथल्या शिक्षकाला किंवा नर्सला परवडत नाही. ‘ॲरिझोनाचं कॅलिफोर्निया करू नका’ असे स्टिकर गाड्यांवर दिसतात ते यातूनच. त्यात राजकारणही आहे, पण घरभाड्याचा राग मोठा आहे.

दुसरं कारण पाणी. कोलोरॅडो नदीचं पाणी ५४० किलोमीटरच्या कालव्यातून, वाटेत पंपानं वर चढवत, फिनिक्स आणि टूसॉनपर्यंत आणलं जातं. नदी आटतेय, म्हणून २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्यात कपात सुरू झाली. जून २०२३ मध्ये राज्य सरकारनं सांगितलं की फिनिक्स परिसरात पुढच्या १०० वर्षांत लागणाऱ्या भूजलात सुमारे ४ टक्के तूट येईल. त्यामुळं फक्त भूजलाच्या भरवशावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींना मंजुरी देणं थांबवण्यात आलं.

अर्थात सगळं खापर नव्या माणसांवर फोडणं बरोबर नाही. राज्यातलं ७० टक्क्यांहून जास्त पाणी शेतीला जातं. कापसाच्या किंवा गवताच्या शेतावर घरं झाली, तर बऱ्याचदा पाणी पूर्वीपेक्षा कमी लागतं.

तिसरं कारण गरमीच. डांबर आणि सिमेंट दिवसभर उष्णता धरून ठेवतात आणि रात्री सोडतात. शहर पसरलं की रात्री गार होत नाहीत. म्हणजे ‘इथं लय गरम होतं’ हे ऐकूनही आलेल्यांसाठी रस्ते आणि घरं बांधली, की आधीच्यांची गरमी वाढते.

ही गंमत एकट्या ॲरिझोनाची नाही

ओरेगन राज्याचे गव्हर्नर टॉम मॅककॉल यांनी १९७१ मध्ये टीव्हीवरच सांगितलं होतं की आमच्याकडं पुन्हा पुन्हा फिरायला या, पण राहायला मात्र येऊ नका. ओरेगनकरांनी मग पाऊस आणि चिखलाचे विनोद असलेली, ‘येऊ नका’ सांगणारी कार्डं छापली.

ॲरिझोनात हे काम लेखक एडवर्ड ॲबी यांनी केलं. १९७७ च्या ‘द जर्नी होम’ या पुस्तकात त्यांनी वाळवंटातले विषारी किडे, साप, विंचू आणि रोग यांची लांबलचक यादी देऊन वाचकांना तिकडं फिरकू नका असं बजावलं. त्यांना वाळवंटावर अतोनात प्रेम होतं आणि ते वसाहतींखाली जाऊ नये अशी त्यांची धडपड होती. पण ॲबी मूळचे कुठले? पेनसिल्व्हेनियाचे. म्हणजे तेही बाहेरूनच आलेले.

आता उलटा प्रकार बघा. उन्हाळा असह्य झाला की ॲरिझोनाचे लोक गाड्या काढून सॅन डिएगोच्या समुद्रावर जातात. तिथले लोक त्यांना ‘झोनी’ म्हणतात आणि ‘आले बघा, आता पार्किंग मिळणार नाही’ म्हणून नाकं मुरडतात. घरी जे यजमान, तेच तिथं नको असलेले पाहुणे.

मग ‘इथले’ नेमके कोण?

ॲरिझोनात राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोक त्या राज्यात जन्मलेले आहेत. ‘येऊ नका’ म्हणणारा बऱ्याचदा दहा-वीस वर्षांपूर्वी आलेला असतो. रेल्वेच्या डब्यात चढेपर्यंत ‘जरा सरका’ म्हणणारा माणूस आत आला की ‘जागा नाही’ म्हणतो, तसंच हे.

फिनिक्स या नावातच ती गोष्ट आहे. तिथं शेकडो वर्षं होहोकाम लोकांनी कालवे खणून शेती केली होती. त्यांची वस्ती उठली, कालवे उरले. १८६० च्या दशकात आलेल्या गोऱ्या लोकांनी तेच कालवे साफ करून शेती सुरू केली आणि राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव गावाला दिलं. होहोकामांना आपले पूर्वज मानणारे ओ’ओधम लोक आजही तिथं आहेत. इथले कोण, असा हिशोब करायचा तर पहिला मान त्यांचा.

पुढं आलेल्यांनी आपलं गावही सोबत आणलं. परागकणांची ॲलर्जी टळावी म्हणून लोक टूसॉनला आले आणि सावलीसाठी तुती आणि ऑलिव्हची झाडं लावून बसले. ॲलर्जी परत आली. शेवटी १९८० च्या दशकात तिथल्या काउंटीला परागकण सोडणाऱ्या या झाडांच्या लागवडीवर बंदी आणावी लागली.

विनोद कुठं संपतो?

फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथं २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदवले गेले. त्यातले जवळपास ४५ टक्के लोक बेघर होते. जे घरात गेले, त्यातल्या बहुतेकांकडं एसी होता, पण तो बिघडलेला किंवा बंद होता.

२०१८ मध्ये बिलाची थोडी रक्कम थकल्यामुळं वीज तोडलेल्या एका ७२ वर्षांच्या बाईंचा घरातच उष्णतेनं मृत्यू झाला. ते प्रकरण बाहेर आल्यावर २०१९ मध्ये राज्याच्या नियामकानं थकबाकीसाठी उन्हाळ्यात वीज तोडायला मनाई केली. २०२१ मध्ये फिनिक्स महापालिकेनं उष्णतेसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं. झाडं लावणं, रस्त्यांवर उष्णता परतवणारा थर देणं आणि गारव्याची केंद्रं चालवणं अशी कामं शहरात सुरू आहेत. २०२४ मध्ये मृत्यूंचा आकडा ६०८ वर आला. बऱ्याच वर्षांनी तो आधीच्या वर्षापेक्षा कमी झाला.

यातून विनोदाची दुसरी बाजू दिसते. ‘भाजून निघाल’ असं हसत म्हणता येतं, कारण म्हणणारा घरातल्या एसीतून गाडीतल्या एसीत आणि तिथून ऑफिसच्या एसीत जातो. बस स्टॉपवर उभ्या असलेल्याला किंवा छतावर काम करणाऱ्या मजुराला ती गंमत वाटत नाही.

आणि ज्यांना थांबवायला हा विनोद आहे, ते काही थांबत नाहीत. ते बहुतेक जानेवारीत घर बघायला येतात. हवा गार असते, आकाश निळं असतं, बागेतल्या झाडाला संत्री लगडलेली असतात. शेजारी सांगतो, ‘उन्हाळ्यात मरायला होतं हो इथं.’ ते हसतात आणि टोकन देऊन टाकतात. पहिला जुलै काढला की पुढच्या जानेवारीत तेही नव्या माणसाला विंचवाची गोष्ट सांगायला मोकळे.