कृतिसंशोधन : पडद्यावरचे आणि फळ्यावरचे

महाराष्ट्रात इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पाठ्यपुस्तक २०१९ च्या जून महिन्यात मुलांच्या हाती पडले आणि त्यातील संख्यावाचनावरून मोठे वादळ उठले. 'सत्तावीस' या रूढ वाचनाबरोबरच 'वीस सात' असेही वाचन त्यात दिले होते. वृत्तपत्रांतील पत्रव्यवहारापासून विधानसभेपर्यंत त्यावर हिरिरीने वाद झाले. प्रश्न मुळात साधा होता. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहावे लागतात. त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल पुष्कळदा ७२ लिहून मोकळे होते. नव्या वाचनाने ही चूक कमी होते काय, आणि पुढे रूढ संख्यानामे आत्मसात होण्यास त्याचा अडथळा होतो काय, हे सभागृहात ठरण्याजोगे नाही. दुसरीचा वर्ग चालविणाऱ्या शिक्षकाने मुलांना वीस संख्या सांगाव्यात, चुकांची वर्गवारी करावी, तीन आठवडे ठरावीक पद्धतीने सराव घ्यावा, पुन्हा तशाच वीस संख्या सांगाव्यात आणि चुकलेल्या मुलाला 'हे असे का लिहिलेस?' असे विचारून त्याचे उत्तर जसेच्या तसे टिपून ठेवावे. यालाच कृतिसंशोधन म्हणतात.

ही संज्ञा रूढ झाली ती कुर्ट लेविन यांच्या १९४६ मधील लेखामुळे. स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती अमेरिकेतील शाळांत आणली आणि इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात 'शिक्षक हाच संशोधक' ही भूमिका आग्रहाने मांडली. आपल्याकडे या नावाचा गाजावाजा न करता तेच काम झालेले आहे. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखावयास जातात, हे ध्यानात येताच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा हा अडचणीचे निरीक्षण करून बेतलेला उपाय होता, आणि तो करून पाहिल्यावाचून कळणारा नव्हता.

आता कृतिसंशोधन शिकण्याची सोय घरबसल्या झाली आहे. 'स्वयम्' आणि 'दीक्षा' ही केंद्र सरकारची ऑनलाइन व्यासपीठे २०१७ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये आरंभलेले 'निष्ठा' प्रशिक्षण टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा नोंदविली. या साधनांची उपेक्षा करणे अन्यायाचे होईल. दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक तीन दिवस तालुक्याला प्रशिक्षणास गेला की अर्धी शाळा उघडी पडते. ती किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. एकदा तयार झालेला पाठ आणखी एका शिक्षकापर्यंत पोहोचविण्याचा खर्च मात्र जवळजवळ शून्य, मग तो शिक्षक धडगावचा असो की भामरागडचा.

परंतु या पाठांतून बहुधा शिकविले जाते ते काय? व्याख्या, पायऱ्या, अहवालाचा नमुना, शेवटी पर्यायी प्रश्न आणि प्रमाणपत्र. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने, योगायोगाने त्याच १९७५ साली, चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे दाखविले की एखाद्या मापावर नियंत्रणासाठी भिस्त ठेवली की ते माप विश्वासार्ह राहत नाही. प्रमाणपत्रे आणि अहवाल मोजले जाऊ लागले की प्रमाणपत्रे आणि अहवालच निर्माण होतात. शुद्धलेखनातील चुका, शोध आणि उपाययोजना असे शीर्षक, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, मधे एक आलेख. शाळेचे नाव तेवढे बदलावयाचे. उपाय निष्फळ ठरला असे प्रांजळपणे सांगणारा अहवाल मात्र शोधूनही सापडणे कठीण.

यात शिक्षक अप्रामाणिक असतो असे नव्हे. पद्धतीतच एक सापळा आहे आणि पाठांत त्याचा उल्लेख क्वचितच असतो. वर्गातील सर्वांत कमी गुणांची दहा मुले निवडली, तर त्यांतील काहींचा तो दिवसच वाईट असतो. कोणाला ताप असतो, कोणी उपाशी आलेले असते. पुढच्या चाचणीत त्यांचे गुण काहीही न करता वाढतात. संख्याशास्त्रात यास सरासरीकडे परतणे म्हणतात. शिक्षकाला वाटते, उपाय लागू पडला, आणि खरोखर मागे पडलेले मूल तसेच पुढच्या इयत्तेत जाते. आरंभी एकाऐवजी दोन चाचण्या घेतल्या किंवा निम्म्या मुलांना तोच सराव तीन आठवडे उशिरा दिला, तर ही फसगत पुष्कळ अंशी टळते. त्यास संगणक लागत नाही की अनुदान लागत नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासात हे सांगता येईल.

दुसरी उणीव सोबतीची. आपल्या निष्कर्षावर शंका घेणारा समव्यवसायी पडद्यावर भेटत नाही. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक बैठका हा महत्त्वाचा भाग होता. वर्गात काय फसले हे तेथे मांडता येत असे. महाराष्ट्रात केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद आहेच, पण तिचा बराच वेळ परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरून घेण्यात जातो. त्यांतला एक तास दोन शिक्षकांना द्यावा. त्यांनी मुलांच्या वह्या घेऊन याव्यात आणि ७२ लिहिणाऱ्या मुलाने काय उत्तर दिले ते इतरांना सांगावे. 'दीक्षा'वर ठेवावयाचे तर हेच ठेवावे: मुलांच्या चुकांचे खरे नमुने, मराठीत, फसलेल्या प्रयोगांसकट. नमुना अहवाल तेथून काढून टाकले तरी कोणाचे काही बिघडणार नाही.