विश्लेषण : आरटीईत प्रवेश मोफत, तरी गरीब पालकांची दमछाक का?

लॉटरीत नाव लागले, मूल खासगी शाळेत गेले, आठवीपर्यंत शिकलेही. मात्र नववीत पाऊल टाकताना शाळा पूर्ण शुल्क मागते. शिक्षणातील दरी कमी करण्यासाठी आणलेली ही योजना नेमकी कुठे अडते?

तरतूद काय आहे?

शिक्षण हक्क कायदा (आरटीई) १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना देणे त्यानुसार बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली; विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र त्यातून वगळले.

पैशांचे गणित कसे बिघडते?

सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेचे शुल्क, यातील कमी असलेली रक्कम शाळेला परत मिळते. राज्यात हा दर १७,६७० रुपये ठरला होता. समजा शाळेचे शुल्क ४० हजार आहे, तर २२,३३० रुपयांचा फरक शाळेवर पडतो. त्यात ही प्रतिपूर्तीही वेळेवर मिळत नाही, अशी संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. मग आरटीईचे मूल शाळेला ओझे वाटू लागते.

अटी कुणाला अडवतात?

आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. म्हणजे अख्ख्या कुटुंबाची दिवसाची कमाई साधारण २७४ रुपये. शहरात आईवडील दोघेही मजुरीला जात असतील तर ते सहज या मर्यादेबाहेर जातात. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो. वस्तीतल्या खोलीचा मालक तो करून देईलच असे नाही.

२०२४ मध्ये काय घडले?

सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर तिथल्या खासगी शाळेला २५ टक्के जागांतून सूट देणारा बदल राज्य सरकारने फेब्रुवारीत केला. सरकारचा खर्च वाचणार होता, पण योजनेचा हेतूच बाजूला पडत होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द केला. यात प्रवेश प्रक्रिया लांबली आणि पालक ताटकळत राहिले.

आठवीनंतर काय?

कायद्याचे संरक्षण ६ ते १४ वयोगटापुरते, म्हणजे आठवीपर्यंत आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण १८ वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा करते, पण कायद्याची मर्यादा तीच आहे. परिणामी दहावी दोन वर्षांवर असताना मुलाला शाळा, मित्र आणि अनेकदा माध्यमही बदलावे लागते.

पालकांनी काय करावे?

नववीचे शुल्क किती, सवलत मिळते का, हे सातवीतच शाळेला लेखी विचारावे आणि जवळच्या अनुदानित माध्यमिक शाळेची चौकशी करून ठेवावी. अर्थात, ही तात्पुरती सोय झाली. प्रतिपूर्ती वेळेत देणे आणि सवलत दहावीपर्यंत नेणे हे काम सरकारचेच आहे.