स्वस्तातला अचूक नेम

थँक्सगिव्हिंगचा सण उरकला की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. वर्षानुवर्षं त्याचा मुहूर्त सणानंतरच्या सोमवारी असे आणि त्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या कित्येक शाळा चक्क बंद राहत, कारण मास्तर आणि पोरं दोघंही रानात गेलेली. २०१९ पासून हा मुहूर्त शनिवारी आला. डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच भडक केशरी कापड अंगावर हवं, हा नियम मात्र पक्का आहे. मोठ्या जनावराच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल इथे चालत नाही. त्यामुळे दर गोळीमागे हातानं खटका ओढायला लावणाऱ्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीला या राज्यात कायम गिऱ्हाईक असतं.

हे गिऱ्हाईक काही गर्भश्रीमंत नसतं. ट्रक चालवणारा, कारखान्यात पाळी करणारा, वर्षाला एखाद-दुसरं हरीण मारून त्याचं मांस हिवाळाभर फ्रीझरमध्ये पुरवून खाणारा माणूस दुकानात येतो. काउंटरवर त्याचा प्रश्न ठरलेला असतो: चार-पाचशे डॉलरांत नेमकी मारणारी रायफल मिळेल का? पन्नास-साठ वर्षांपूर्वी दुकानदारानं यावर जरा आढेवेढे घेतले असते. आज तो सरळ 'हो' म्हणतो, आणि त्यात विक्रेत्याची अतिशयोक्ती फारशी नसते.

बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे काय, हे मराठी माणसाला निराळं सांगायला नको. पोलिसांच्या खांद्यावरची 'थ्री-नॉट-थ्री' त्याच कुळातली. मूठ वर उचलून मागे ओढायची की रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलली की मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये जातं. मूठ खाली दाबली की बोल्टच्या टोकाचे खुंट पोलादी खाचांत अडकून नळी मागून बंद होते. जर्मनीतल्या ओबर्नडोर्फच्या पाउल माउझरनं १८९८ मध्ये या रचनेला जे रूप दिलं, त्याच्याच पोटी पुढच्या असंख्य शिकारी रायफली जन्मल्या. शिकारी जिम कॉर्बेटची प्रसिद्ध '.२७५ रिग्बी' हीसुद्धा माउझरच्याच सांगाड्यावर बांधलेली होती. गोळी सुटताना बोल्ट जागचा हलत नाही, सुटे भाग थोडे असतात. अचूकपणाचा निम्मा पाया इथेच पडतो.

उरलेला निम्मा पैशांत मोजला जाई. नळीतले आटे कापणं, चेंबर कोरणं, लाकडी दस्ता नळीशी जुळवणं हे कसबी कारागिराचं काम. ज्याला ते परवडत नसे, तो लष्कराच्या मोडीत निघालेल्या रायफली घेई आणि घरीच कापून-तासून त्यांना शिकारीच्या कामाला लावी. दोन महायुद्धांनंतर अशा मालाचा अमेरिकेत पूर आला होता. टपालानं पैसे पाठवले की रायफल घरपोच येई. १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डनं शिकागोच्या एका दुकानातून अशीच, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरांना जाहिरात केलेली इटालियन कारकानो मागवली आणि त्याच रायफलीतून राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या. पुढे १९६८ च्या कायद्यानं रायफलींची टपालविक्री बंद केली, लष्करी मालाच्या आयातीवरही निर्बंध आणले. स्वस्त रायफलीचा तो जुना झरा त्यानंतर आटत गेला.

तोवर कारखान्यांनी दुसरी वाट शोधली होती. रेमिंग्टननं १९४८ मध्ये मॉडेल ७२१ काढलं, तेव्हा रायफलीचा मधला सांगाडा गोल पोलादी दांड्यातून लेथवर कातून काढला. त्याला घडीव सांगाड्याइतकी मेहनत पडत नव्हती. शिवाय गोल सांगाडा दस्त्यात एकसारखा टेकतो, म्हणजे स्वस्ताईबरोबर अचूकताही पदरात पडली. याच वंशात १९६२ मध्ये मॉडेल ७०० आलं आणि पुढे अमेरिकन लष्कराच्या नेमबाजांच्या हातीही गेलं.

सॅव्हेज कंपनीची युक्ती आणखी मजेदार. १९५८ मध्ये निकोलस ब्रूअर या अभियंत्यानं मॉडेल ११० आखलं. कुठल्याही रायफलीत काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या आणि बोल्टच्या मध्ये किती फट उरते, याला फार महत्त्व असतं. ती जास्त असेल तर पुंगळी फाटू शकते, कमी असेल तर बोल्टच बंद होत नाही. इतर कारखान्यांत हे माप साधायला अनुभवी माणूस चेंबर थोडं थोडं कोरत बसे. ब्रूअरनं नळीवर आटे पाडले आणि एक मोठा नट चढवला. चेंबरमध्ये काडतुसाच्या आकाराचं, अचूक मापाचं पोलादी गेज ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत हातानं फिरवत न्यायची आणि तिथेच नट आवळायचा. मग किंचित मोठं दुसरं गेज घालून पाहायचं. त्यावर बोल्ट बंद झाला नाही की माप बरोबर. तासांचं काम मिनिटांत. दिसायला तो नट ओबडधोबड, त्यामुळे शौकिनांनी नाकं मुरडली, पण कागदावरची भोकं जवळजवळ पडत राहिली.

खर्च कसा कापू नये, याचा धडा विंचेस्टरनं दिला. १९३६ पासून नावाजलेल्या मॉडेल ७० मध्ये त्यांनी १९६४ साली काटकसर केली. दस्त्यावरची हातानं कोरलेली नक्षी जाऊन साच्यानं दाबलेली आली, काडतूस पकडून पुढे नेणारा माउझरी आकडा गेला. गिऱ्हाईक भडकलं. आजही त्याआधीच्या रायफलींना जुन्या बाजारात वेगळा भाव येतो. वास्तविक नव्या बोल्टमुळे अचूकता घटली नव्हती; पण हातात घेताक्षणी कंजुषी जाणवत होती, आणि तेवढं पुरे झालं.

सॅव्हेजची कथा नेमकी उलटी. १९८८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नव्यानं सूत्रं हाती घेतलेल्या रॉन कोबर्ननं बाकीचा पसारा आवरून मॉडेल ११० वरच जोर दिला. मग या शतकाच्या सुरुवातीला आला अ‍ॅक्युट्रिगर. त्याआधी, अपघात आणि खटल्यांच्या धास्तीनं, बहुतेक कंपन्या चाप मुद्दाम जड ठेवत. जड चाप ओढताना रायफल हलते आणि नेम चुकतो. सॅव्हेजनं चापाच्या मध्ये एक पातळ पाकळी बसवली. बोटानं ती पूर्ण दाबल्याशिवाय रायफल झडत नाही, म्हणून चाप हलका ठेवला तरी धोका वाढत नाही. ही पाकळी आता अनेक कंपन्यांच्या स्वस्त रायफलींवर दिसते.

यानंतर स्पर्धा पेटली. सॅव्हेजनं २०१० मध्ये एज आणली, तिचंच नाव पुढे अ‍ॅक्सिस झालं. रुगरनं २०११ च्या अखेरीस 'अमेरिकन रायफल' जाहीर केली, छापील किंमत ४४९ डॉलर. तिच्यात नट लावून नळी बसवण्याची युक्ती होतीच, शिवाय प्लॅस्टिकच्या दस्त्यात इंग्रजी व्हीच्या आकाराचे दोन धातूचे ठोकळे बसवले होते, म्हणजे सांगाडा दर खेपेला त्याच जागी टेकणार. रेमिंग्टनची ७८३ आणि मॉसबर्गची पेट्रियट याच गर्दीतल्या. फिनलंडची टिक्का टी-थ्री-एक्स थोडी महाग, पण तिचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो.

अचूक म्हणजे तरी किती? नेमबाज १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, कागदावर तीन किंवा पाच गोळ्या झाडतात आणि भोकांमधलं जास्तीत जास्त अंतर मोजतात. ते इंचभर भरलं तर साधारण एक 'मिनिट ऑफ अँगल'. आजच्या चारशे-पाचशे डॉलरांच्या रायफली, काडतूस मानवलं तर, इंच ते दीड इंचात सहज बसतात. जाहिरातीतल्या तीन गोळ्यांच्या कागदावर मात्र भाळू नये. तीन गोळ्या नशिबानंही जवळ पडतात. त्याच रायफलीतून दहा झाडल्या की घेर हमखास वाढतो.

हरणाच्या छातीतली हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची, म्हणजे २० सेंटिमीटरची धरतात. दीड मिनिटाची रायफल २०० यार्डांवर तीन इंचांचा घेर करते, तो या वर्तुळात आरामात मावतो. शेजारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं उदाहरण ठेवून पाहा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. तिथे मिलिमीटरच्या अंशासाठी महागडी रायफल लागते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शौकाची शिकार संपली, त्यामुळे आपल्याकडे अचूक रायफलीचा विचार होतो तो अशा मैदानांवरच. पेनसिल्व्हेनियाच्या रानात मात्र अर्ध्या मिनिटाच्या फरकासाठी हजार डॉलर जास्त मोजण्यात अर्थ उरत नाही.

मग स्वस्त रायफलीत वाचवलं काय जातं? दस्ता पोकळ आणि लवचीक असतो, बोल्ट खरखरतो, नळीचा निळसर काळा रंग मंद असतो, मॅगझिनला प्लॅस्टिकची कडी असते. यांतला दस्ता तेवढा नेमाच्या मुळावर येऊ शकतो. बहुतेक नव्या रायफलींची नळी दस्त्यापासून अधांतरी असते. गोळी सुटताना ती थरथरते आणि तिला मोकळं राहावं लागतं. हे तपासायला दुकानात एक डॉलरची नोट पुरते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नोट नळीखालून घालायची आणि सांगाड्यापर्यंत सरकवायची. मग दस्त्याचा पुढचा भाग ज्या उशीवर किंवा पट्ट्यावर टेकतो तिथे जोर देऊन पुन्हा पाहायचं. नोट अडकली, तर रानात पट्टा ताणून नेम धरताना गोळी भलतीकडे जाऊ शकते.

काडतूस निवडताना पुष्कळ जण गरजेपेक्षा दांडगं घेतात. .३०-०६ हे १९०६ पासूनचं, .३०८ विंचेस्टर १९५२ चं. दोन्ही हरणाला भरपूर. .३०० विंचेस्टर मॅग्नम हलक्या रायफलीतून झाडलं की खांद्याला असा हिसका बसतो, की नवखा माणूस पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. .२४३ किंवा २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर त्या मानानं सौम्य. ओहायो आणि आयोवासारख्या राज्यांत मात्र आधी नियम वाचावे लागतात. तिथे हरणासाठी बाटलीसारख्या निमुळत्या काडतुसांऐवजी सरळ भिंतींच्या काडतुसांनाच वाव मिळत आला आहे. जवळपासच्या दुकानात हंगामातही सहज मिळेल ते काडतूस बरं, कारण सरावाला डबे लागतात.

जुनी रायफल घेणाऱ्यानं आणखी एक काम करावं: तिचा क्रमांक कंपनीच्या यादीत तपासावा. रेमिंग्टननं २०१४ मध्ये २००६ पासून बनलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हनवरचे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले, कारण काही परिस्थितीत चाप न ओढताही गोळी सुटण्याचा धोका होता. अशा रायफली आजही जुन्या बाजारात हिंडत असतील.

हिशेब हजार डॉलरांचा धरला, तर जाणकार निम्म्याहून कमी पैसे रायफलीला देतात. उरलेल्यांतून बरी दुर्बीण, भक्कम कड्या आणि काडतुसांचे डबे. दुर्बीण फुकटात जोडून विकलेल्या रायफलींवर ती बहुधा कच्ची निघते, आणि कड्यांचा स्क्रू ढिला असला की माणूस दोष नळीला देत बसतो. दोन-तीन प्रकारची काडतुसं आणून कुठलं त्या रायफलीला मानवतं, हे कागदावर पाहावं लागतं. एकाच कारखान्याच्या दोन जुळ्या रायफलींची आवडही निराळी असते.

नेम जुळवण्याचं काम सप्टेंबरात उरकलेलं बरं. १०० यार्डांवर जुळवलेल्या .३०८ ची गोळी २०० यार्डांवर सुमारे चार इंच आणि ३०० वर सुमारे चौदा इंच खाली पडते, हा तक्ता प्रत्येकानं स्वतःच्या काडतुसानं पडताळून घ्यावा. टेबलावरच्या वाळूच्या पिशव्या बाजूला सारून गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, उभ्यानं झाडून पाहावं. तिथे दीड इंचाचा घेर बघता बघता सहा इंचांचा होतो. आणि रानात पहिली गोळी थंड नळीतून जाते, म्हणून वेगवेगळ्या दिवशी २०० यार्डांवरून फक्त पहिलीच गोळी झाडून एकाच कागदावर तिची जागा टिपत जावी. अशी पाच-सहा भोकं आठ इंचांत राहिली, तर रायफल किती डॉलरांची आहे हे हरणाच्या दृष्टीनं बिनमहत्त्वाचं ठरतं. ती राहिली नाहीत, तर शिकाऱ्याला आपली हद्द २०० वरून १०० यार्डांवर आणावी लागते.