परसबागेतील फुले आणि तेथील पाहुणे

पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांत घरामागे चार हात मोकळी जागा असणे हे आता भाग्याचेच लक्षण होय. न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ व अळू, कुंपणाला जास्वंद, कोपऱ्यात लिंबू आणि मांडवावर एखादा वेल एवढ्यानेही परस शोभिवंत होतो. परंतु परसबागेचा खरा आनंद फुलांइतकाच फुलांकडे येणाऱ्या पाहुण्यांत आहे.

फुलांच्या वेळा

प्रत्येक फुलाची उमलण्याची वेळ व त्याचा पाहुणा ठरलेला असतो. लाल भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते व दुपारपूर्वी मिटते; तेवढ्या अवधीत मधमाशा नरफुलातील पराग मादीफुलावर नेतात. दुधी भोपळ्याचे पांढरे फूल सायंकाळी उमलते व त्याकडे पतंग येतात. पारिजातक आणि रातराणी यांचा सुगंधही रात्रीच दरवळतो. कर्दळ व जास्वंद यांतील मधासाठी शिंजीर पक्षी दिवसा फेऱ्या घालतो.

लिंबावरील अळी

लिंबाच्या कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळते. पुढे ती हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून दुहेरी फाट्याचा अवयव बाहेर काढून ती उग्र दर्प सोडते. अळी दिसताच विषारी औषध फवारण्याकडे पुष्कळांचा कल असतो. परंतु अशाच अळ्यांपासून सुंदर फुलपाखरे निपजतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले निळे-काळे नीलवंत हेही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. कढीलिंबावरही याच कुळातील फुलपाखरे अंडी घालतात.

लिंबाचे रोप लहान असल्यास अळ्या त्याची सारी पालवी फस्त करतात, हे खरे. अशा वेळी त्या हाताने वेचून मोठ्या लिंबाच्या झाडावर सोडाव्यात. वाढलेल्या झाडाला थोडी पाने गेल्याने विशेष हानी पोहोचत नाही.

फवारणीचा दूरगामी परिणाम

विषारी फवारणीने केवळ अळ्याच मरतात असे नाही. शिंजीर मध पितो, तरी त्याच्या पिलांना किडे व कोळी भरवावे लागतात. पाने शिवून घरटे करणारा शिंपी पक्षी तर किडे वेचूनच जगतो. किडे नाहीसे झाल्यास हे पक्षीही परस सोडून जातात. मधमाशा मेल्या तर भोपळ्याची मादीफुले फळ न धरता पिवळी पडून गळतात. सबब, कीड अल्प असता ती हाताने वेचावी किंवा पाण्याच्या जोरदार धारेने धुवून काढावी. फुले उमललेली असताना तर कीटकनाशक मुळीच मारू नये.

पाहुण्यांची सोय

उन्हाळ्यात सावलीत पसरट मातीचे भांडे पाण्याने भरून ठेवावे. त्यातील पाणी रोज बदलावे व भांड्याच्या कडा घासाव्यात, म्हणजे डासांची पैदास होणार नाही. भांड्यात एक-दोन खडे ठेवल्यास मधमाशांना बसून पाणी पिता येते. पक्ष्याचे घरटे आढळल्यास पिले उडून जाईपर्यंत ती फांदी छाटू नये. कोळ्याची जाळीही सरसकट झाडून टाकू नयेत. शिंजिराची मादी त्यांच्याच धाग्यांनी आपले लोंबते घरटे विणते.

चार कुरतडलेली पाने हे परसाचे वैगुण्य नव्हे. तेथे जीवसृष्टी नांदत असल्याची ती खूण आहे. घरातील मुलांना अळी, कोश व फुलपाखरू ही स्थित्यंतरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास मिळाली, तर परसाएवढी उत्तम शाळा दुसरी नाही.